रक्तातली वाटणी

गाडी शिकवण्याच्या शाळेत त्यांना सगळे मास्तर म्हणत. अर्ध्या गावानं त्यांच्याच शेजारी बसून पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं. त्यांच्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या. माणूस तसा बोलघेवडा. समोरचा घाबरून घामाघूम झाला की म्हणायचे, "बिनधास्त चुका हो. तुम्ही चुकला नाहीत तर मला कोण पगार देणार?" शिकणारा हसायचा, त्याचे खांदे सैल पडायचे आणि गाडीही सरळ चालायला लागायची.

त्या वर्षी शिकवण्याचा परवाना नव्यानं काढायचा होता आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता. दाखला म्हणजे काय, वजन बघायचं, डोळे बघायचे आणि सही करायची, अशा हिशोबानं मास्तर गेले. पण डॉक्टरीणबाई चौकस निघाल्या.

"वडील कशानं गेले?"

"हार्ट अटॅकनं. म्हणजे तसं बघायला गेलं तर… हाय खाऊन गेले."

"वय काय होतं?"

"पन्नाशी गाठली नव्हती."

बाईंनी सही करायला उचललेलं पेन खाली ठेवलं. रक्ताची एक वेगळी तपासणी आणि हृदयाचा स्कॅन लिहून दिला. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहिली, पण तपासण्या करून घेतल्या.

रिपोर्ट घेऊन परत गेले, तेव्हा बाईंनी आधी दार लावून घेतलं.

"रक्तातल्या चरबीचा एक प्रकार तुमच्यात फार जास्त आहे. तो खाण्यापिण्यानं वाढत नाही आणि पथ्यानं फारसा उतरतही नाही. जन्मापासून असतो, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. आणि स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं दिसतंय. तुमच्या वयात इतकं दिसायला नको."

"म्हणजे मला अटॅक येणार?"

"येणारच असं नाही. पण इतरांपेक्षा धोका बराच जास्त आहे. बाकीचं कोलेस्टेरॉल आपण गोळ्यांनी खाली आणू, ब्लडप्रेशर सांभाळू. पुष्कळ काही आपल्या हातात आहे. तुम्हाला भावंडं आहेत? मुलं?"

"एक बहीण आहे. मोठी. आणि मला एक मुलगी."

"त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. लवकर. आणि तुमच्या मुलीलाही, आज ना उद्या."

पुष्कळ काही हातात आहे, हे मास्तरांच्या कानावर पडलं; डोक्यात शिरलं ते फक्त 'इतकं दिसायला नको'. बाहेर येऊन ते गाडीत बसले आणि चावी फिरवायचीच विसरले.

घरी काही बोलले नाहीत. बायकोला म्हणाले, "सगळं ठीक आहे, जरा कोलेस्टेरॉल आहे, गोळी दिलीय." आणि त्या दिवसापासून हा हसरा माणूस स्वतःच्याच छातीचा पहारेकरी झाला. सिग्नलला गाडी थांबली की दोन बोटं मनगटावर. जिना चढताना मध्येच थांबून कान देऊन ऐकायचं. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात म्हणून ती कूसच सोडली. आरशासमोर उभं राहून दाढी करणं टाळायला लागले, कारण वडील दाढी करतानाच गेले होते, बेसिनपाशी, अर्ध्या गालाला साबण तसाच. त्यांना धरायला सगळ्यांत आधी धावले होते ते मास्तरच. तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेलं.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात ताई घरातून निघून गेली होती.

सोफे शिवणाऱ्या एका पोरावर तिचा जीव जडला होता. घरात वादळ उठलं. वडिलांनी आवाज चढवला नाही, ते नुसते जेवायचे बंद झाले. ताईनं लग्न केलं आणि तिचा संसार जेमतेम मांडून होतोय तोच वडील गेले. आईनं प्रेताजवळ बसून सगळ्यांसमोर सांगितलं, "लेकीनं बापाला खाल्लं." त्यानंतर घरात तेच ठरून गेलं. वडिलांनी हाय खाल्ली, आणि ती ताईमुळं. ताईला घराचं दार बंद झालं. मास्तर वाटेत कुठं भेटले तर बोलायचे, चौकशी करायचे. पण आईसमोर तिची बाजू घेऊन एक शब्द त्यांनी आजवर काढला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांनाही ते तसंच वाटत होतं.

म्हणूनच बहिणीला सांगा म्हटल्यावर आज सांगू, उद्या सांगू करत ते दिवस ढकलत राहिले.

या ढकलाढकलीत एक दिवस भर चौकात त्यांचं धाबं दणाणलं. शिकायला होत्या बँकेतल्या कॅशियरबाई. इतक्या भित्र्या की सायकलवालासुद्धा त्यांना घंटी मारून पुढं जायचा. गोल चौकाला वळसा घालताना मास्तरांच्या छातीत काहीतरी आवळलं. हात बधिर झाले. श्वास पुरेना.

"बाई… गाडी बाजूला…"

बाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मास्तरांचा पाय ब्रेकवरून कधीच घसरला होता. आणि मग त्या भित्र्या बाईंनी गियर टाकला, हॉर्नवर तळवा दाबून धरला आणि चौकातून गाडी अशी काढली की दोन बस थांबल्या. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत त्या एकच बडबडत होत्या, "मास्तर, झोपू नका हं. मास्तर, माझं चुकत असेल तर ओरडा."

तिथं त्यांच्या छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, तासन्‌तास झोपवून ठेवलं. अटॅक नव्हता. तरुण डॉक्टर म्हणाला, "हृदयाला आत्ता काही झालेलं नाही. तुम्ही फार घाबरलेले आहात. कधीपासून?"

या साध्या प्रश्नावर मास्तर ओक्साबोक्शी रडले. बायको धावतपळत येऊन दारात उभी होती, तिनं ते पाहिलं. तिच्या हातात कॅशियरबाईंनी दिलेली गाडीची चावी.

घरी आणल्यावर ती कपाट आवरता आवरता, पाठमोरी राहूनच म्हणाली, "अहो, मी काय परकी आहे का? कोलेस्टेरॉलची गोळी म्हणालात. मी आपली साय काढून दूध देत बसले."

मास्तरांनी सगळं सांगितलं. वडिलांकडून आलेलं, जन्मापासूनचं, बहिणीला सांगायचं राहिलेलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "म्हणजे बाबा ताईंमुळं गेलेच नाहीत."

इतके दिवस मास्तर स्वतःच्या मरणाभोवती फिरत होते. रिपोर्टची ही बाजू त्यांच्या ध्यानीमनी नव्हती.

आईला सांगायचं ठरलं. ती खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती. मास्तर तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच, सोपं करून सांगितलं. "बाबांना आधीपासूनच होतं गं ते, आई. ताई गेली नसती तरी कधीतरी…"

"काही नव्हतं त्यांना." आईनं मान वर केली नाही. "माझा नवरा घोड्यासारखा धडधाकट होता. पोरीनं घात केला."

"अगं, माझ्याच रक्तात निघालंय ना."

"तुझ्या रक्ताचं मला सांगू नकोस!" हातातली पाकळी फरशीवर पडली. आईचा आवाज फाटला. "त्यांच्या रक्तात होतं, तर मग मी काय करत होते? आठवडाभर म्हणत होते, छातीत जळजळतंय, जबडा दुखतोय. पोरीच्या काळजीनं पित्त झालंय म्हणून मी रोज पाण्यात पित्ताची पूड कालवून देत होते. दवाखान्यात चला म्हटलं नाही. एकदाही म्हटलं नाही. मग कोणी मारलं रे त्यांना? बोल ना. कोणी?"

इतकी वर्षं आईनं ताईचा दोष का घट्ट धरून ठेवला होता, ते मास्तरांना तेव्हा कळलं. तो सोडला असता तर तिच्या हातात दुसरं काय उरणार होतं, हेही कळलं. त्यांनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो उचलून बाजूला केला आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ते ताईकडं गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला फोमच्या लाद्या, कापडाचे ताके, मध्ये उलटा करून ठेवलेला सोफा. भावोजी गिऱ्हाइकाकडं मापं घ्यायला गेले होते. ताई गुडघ्यावर बसून तळाच्या पट्ट्या ओढून ठोकत होती. भाऊ दुकानाची पायरी चढून आलेला पाहून ती उठली.

"आई गेली का?"

"नाही गं. आई बरी आहे."

"मग?"

मास्तरांनी सांगितलं. तिला तपासून घ्यायला हवं, तेही सांगितलं आणि वडिलांचंही सांगितलं. आईनं काल काय कबूल केलं, ते मात्र गिळून टाकलं. ते सांगायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं. शेवटी म्हणाले, "ताई, तुझा काही दोष नव्हता."

त्यांना वाटलं होतं, ती रडेल, मोकळी होईल, कदाचित गळ्यातही पडेल. ताईनं हातोडी सोफ्याच्या फळीवर ठेवली.

"हे तुला रिपोर्ट आल्यावर कळलं होय रे?"

"ताई…"

"मला वाटलं होतं, कधीतरी तू असाच येशील. रिपोर्टबिपोर्ट नसताना. नुसतं म्हणशील, ताई, आईनं असं बोलायला नको होतं तुला. एवढंच. बाबांच्या तेराव्या दिवसापर्यंत मी कोपऱ्यावरून घराचं दार बघत उभी राहायची, तू दोनदा मला पाहिलंस आणि आत गेलास." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आता तुझी छाती दुखायला लागली, तेव्हा मी निर्दोष."

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. "चुकलं माझं."

"हो," ताई म्हणाली. "चुकलं." मग तिनं स्टूल पुढं सरकवलं. "बस. रंग उडालाय तुझ्या तोंडाचा. गोळ्या घेतोस का वेळेवर?"

ताईचा रिपोर्ट मास्तरांपेक्षा वाईट निघाला. डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला, तेव्हा भावंडं शेजारी शेजारी बसली होती. ताई हसली, अगदी लहानपणी हसायची तसं, तोंडावर हात ठेवून. "बघ, घरातली साधी वाटीसुद्धा दिली नाही मला. हे मात्र बरोब्बर वाटून दिलं बाबांनी. वर थोडं जास्तच." मास्तरही हसले, आणि हसता हसता त्यांना हुंदका फुटला. बाईंनी तोंड फिरवून खिडकीचा पडदा उगाच सारखा केला.

सोफे ओढताना दम लागतो, तो वयामुळं असं ताई समजत होती. पुढच्या तपासणीत रक्तवाहिन्या तुंबलेल्या दिसल्या. गोळ्यांवर भागणार नव्हतं, छाती उघडावी लागणार होती.

मास्तरांच्या मुलीलाही तपासणीचं विचारलं. ती म्हणाली, "करीन, बाबा. पण एवढ्यात नको. अजून थोडे दिवस मला हे माहीत नसायला हवंय." बायको वाद घालायला निघाली, मास्तरांनी तिला खुणेनं थांबवलं. मुलीला तसं का वाटतंय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं?

ऑपरेशनच्या दिवशी भावोजी आणि मास्तर वरच्या मजल्यावर बसून होते. भावोजींच्या नखांत फोमचा चुरा अडकलेला, ते तो टोकरून काढत होते. दोघांत बोलण्यासारखं कधी काही साठलंच नव्हतं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले आणि सगळं पार पडलं म्हणाले. भावोजींनी मास्तरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताई बोलायला लागली त्या दुपारी मास्तरांना बायकोचा फोन आला. "आई घरात नाहीत. चपला नाहीत, पिशवी नाही." ते घाईनं खाली उतरले, तर आई हॉस्पिटलच्या दाराजवळच्या बाकावर बसलेली. एकटीच आली होती, रस्ता विचारत विचारत. पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.

"वर चल, आई."

तिनं मान हलवली. चल म्हणून पुन्हा विनवलं, तरी तीच मान.

मास्तर वर गेले. ताईच्या छातीवर पट्ट्या, नाकाला नळी. ते वाकून हळूच म्हणाले, "आई खाली बसलीय."

ताईनं डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, पुसायला तिच्यात हात उचलायची ताकद नव्हती. मास्तरांनी पुसलं.

"आणू वर?"

"नको," ती पुटपुटली. "अजून नको. पण चहा दे तिला नेऊन. ऊन लागलं असेल."

मास्तर मशीनमधला चहा घेऊन खाली गेले. आईनं कागदी कप दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही.

"तिनं दिलाय," मास्तर म्हणाले.

आई कपाकडं पाहत राहिली. मग खालच्या आवाजात विचारलं, "दुखतंय का रे तिला?"

"हो, आई. फार दुखतंय."

आईनं मान डोलावली. मास्तर तिच्या शेजारी बाकावर बसले. दारातून माणसं आत-बाहेर करत होती.