चांगल्या काचेवरचे ठिपके

"आधी चांगलं बघा, मग वाईटाकडे जा," असं म्हणत आमच्या मॅडम मायक्रोस्कोपवर बोटाच्या पेराने टकटक करायच्या. शिकाऊ डॉक्टरांना ते ऐकून ऐकून वीट आला होता.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी तपासणीखात्याचा शिपाई. पेशंटच्या अंगातून काढलेले तुकडे डब्यांतून आमच्याकडे यायचे, त्यांच्या पातळ चकत्या काचेवर चढायच्या, आणि मॅडम बघून रोग सांगायच्या. मी सातवी नापास. खास रंग दिला की वाईट पेशी तपकिरी होतात, एवढं कानावरून गेलेलं. "तपकिरी आलं" ऐकलं की आम्ही शिपाई मान हलवायचो. गेला बिचारा.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. मॅडम तोंडाने फटकळ. कोणी उशिरा आला की, "या महाराज, पेशंट वर पोचला, तुम्ही आता उगवलात!" मला मात्र मामा म्हणायच्या. जेवणाच्या डब्यातलं शेवटचं घावन माझ्यापुढे सरकवायच्या. "खा मामा, मला चावत नाही." धडधडीत खोटं. चणे कडाकडा फोडायच्या बाई.

मग आमच्या हिला रक्त जायला लागलं. पाळी बंद होऊन वर्षं झालेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा काढला, आणि ती डबी माझ्याच हातात आली. वर हिचंच नाव. मी दोनदा वाचलं.

घरी ही म्हणाली, "माका दुखण्याचा भ्या नाय, तुमच्या त्या पडलेल्या तोंडाचा भ्या वाटता."

हिची काच बघताना मॅडमना काहीतरी खटकलं. त्यांनी खास रंग लावायला सांगितला. काचा तयार झाल्या तसा तंत्रज्ञ आतून ओरडला, "मॅडम, तपकिरी आलंय!"

मी बाकावर बसलोच. मला भातसुद्धा शिजवता येत नव्हता, तेच डोक्यात फिरत राहिलं.

"मामा, आत या. बघा यातून."

"मला नको, मॅडम."

"बघा म्हणते ना!"

बघितलं. निळ्या पेशींच्या रांगेत एक तपकिरी ठिपका. लांबवर दुसरा.

"गेली ना ती?"

"कोण गेली? अहो, ही तुमच्या बायकोची काच नाहीच. ही धडधाकट बाईची. रंग नीट चढला का बघायला दर वेळी शेजारी ठेवतो ना आपण? चांगल्या पिशवीच्या तोंडातही ह्या पेशी असतात. थोड्या मज्जातंतूच्या पेशींसारख्या, थोड्या ग्रंथीसारख्या. तिथे नेमकं काय करतात, ते मलाही नीट ठाऊक नाही. पण एकेकट्या बसतात. टोळी करून बसल्या तर घाबरायचं."

"आणि हिच्या?"

मॅडमनी दुसरी काच लावली. टेबलाची कड धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या.

"एकेकट्याच आहेत, मामा," शेवटी म्हणाल्या. "रक्त पिशवीच्या तोंडाशी वाढलेल्या साध्या मांसाच्या कोंबातून येत होतं. तो काढलाय." आणि नाक शिंकरलं.

मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी गेल्या. पत्ता मी मागितला नाही. आपण काय लिहिणार?

आमची ही त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. यंदा गेली, घाटकोपरच्या एका दवाखान्यात. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. पोरगाच तो. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "त्या पेशींनी टोळी तर केली नाही ना?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "काका, तुम्ही जरा बसा."

बसलो. त्या पेशींचं अजून मला कोणी सांगितलेलं नाही.