मालिकेचे वकीलसाहेब

वकीलसाहेब वकील नव्हते. ते हैदराबादला मलकपेठेत राहायचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, आणि एरवी इतके मवाळ की रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तर त्याचीच अडचण समजून घ्यायचे. पण आमच्या मालिकेला कोणी नावं ठेवली की गडी उसळायचा. मालिका इंग्रजी, एका ऑफिसातल्या गमतीजमतींची, वर्षानुवर्षं चाललेली. तिची बाजू ते अशी काही लढवायचे की हे नाव मीच त्यांना चिकटवलं. आता ते नाव घेताना मला ओशाळल्यासारखं होतं.

रविवारी सकाळी हिमायतनगरच्या एका हॉटेलात आम्ही तिघं चहाला जमायचो. तिसरे फारूखभाई, त्यांचं चष्म्याचं दुकान. विषय ठरलेला: मालिका उतरली की नाही? "अब इसमें कुछ बी नैं रहा मियाँ, हौला बना रैं अपन को," म्हणजे आपल्याला येड्यात काढतायत, असं म्हणून फारूखभाई चहात बिस्कीट बुडवायचे. मी त्यांच्या पक्षाचा. सुरुवातीचे सीझन अस्सल, पुढे लेखकांनी नुसत्या पाट्या टाकल्या, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करायचो. मला वादात हरायला आवडत नाही. घरचे याला माझा आजार म्हणतात.

खरं तर आधी वकीलसाहेबही आमच्याच बाजूचे होते. एका उन्हाळ्यात त्यांनी अचानक पक्ष बदलला. जो भाग आम्हांला सर्वांत रटाळ वाटे, तोच त्यांना नेमका पटायचा. "फारूखभाई, तुम दुकान में बैठते. दफ्तर में क्या क्या होता, तुमको क्या मालूम?" आणि माझ्याकडे वळून, "ऑफिसात असंच असतं हो. माणसं अशीच वागतात." हे ते इतकं कळवळून म्हणायचे की मला आणखी चेव यायचा. एका मालिकेसाठी माणूस एवढा का कळवळतोय, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढे एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वहिनींनी अंबाड्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. वहिनी ती मालिका बघत नसत. इंग्रजी त्यांना भराभर कळत नाही. जेवता जेवता मी सवयीप्रमाणे नव्या भागाची खिल्ली उडवायला घेतली. लोक जागेवर बसत नाहीत म्हणून त्यात साहेब सगळ्यांच्या खुर्च्यांची चाकंच काढून घेतो. वकीलसाहेब म्हणाले, "जाऊ द्या ना, जेवा आधी." मी कसला ऐकतोय! म्हणालो, "तुम्हीच सांगा वहिनी, असं जगात कुठल्या ऑफिसात घडतं?"

वहिनी भाकरी वाढता वाढता थांबल्या. "अहो भाऊजी, घडतं की! यांच्याच ऑफिसात झालं नं परवा. साहेबानं चाकं कपाटात कुलूप लावून ठेवली, तर हिशेब बघणारी बाई घरून आपली खुर्ची घेऊन आली! हसून हसून परेशान झाले मी."

ती बाई आणि तिची ती घरची खुर्ची, दोन्ही त्याच भागात होत्या.

आधी माझ्या डोक्यात काय आलं असेल, तर वाद आपण जिंकला. आणि मी हसलो. चांगला मोठ्यांदा हसलो. वहिनीही हसल्या, आपल्या गोष्टीला दाद मिळाली म्हणून. मग मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते भाकरीचा एकच तुकडा भाजीत फिरवत बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. "हो वहिनी, घडतं," एवढंच कसंबसं म्हणालो.

सोडायला ते फाटकापर्यंत आले. "उन्हाळ्यातच नोकरीवरून काढलं मला," ते म्हणाले. "डबा घेऊन निघतो, वाचनालयात बसतो, मोबाईलवर भाग बघतो. घरी गेलं की ती विचारते, आज काय झालं? पगार तर नाहीच, म्हटलं निदान काहीतरी हसण्यासारखं घेऊन जावं. मालिका उतरलीय हे मला काय कळत नाही?" मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी रिक्षाला हात केला.

त्यानंतर ते चहाला आले नाहीत, आणि कुठल्या तोंडाने बोलवावं म्हणून मीही फोन केला नाही. काही महिन्यांनी त्यांना पुण्यात नोकरी लागली, बिऱ्हाड हललं, हेही मला फारूखभाईंकडून कळलं.

परवा वहिनींचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. नवी नोकरी कशी आहे, असं मी भीत भीत विचारलं.

"नोकरी चांगली आहे हो," वहिनी म्हणाल्या. "पण या ऑफिसात काही म्हणजे काही होत नाही. विचारलं तर म्हणतात, काम होतं, केलं, आलो. हैदराबादचं ऑफिस किती गमतीचं होतं! तुम्ही तरी सांगा नं त्यांना भाऊजी, परत तिथंच लागा म्हणून. तुमचं ते ऐकतात."

मी म्हणालो, "सांगतो."