कार्लेखिंड टॉपमध्ये

गॅरेजच्या मागल्या अंगणात भंगार कसं साठतं, हे कुणाला सांगता यायचं नाही. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, पण एक दिवस बघावं तर अंगणातलं मोगऱ्याचं झाड दिसेनासं झालेलं असतं! किस्स्यांचंही तसंच. अलिबागेत दाऊदभाईंच्या गॅरेजात आम्ही कोर्टातली मंडळी संध्याकाळी नुसती चहाला म्हणून बसायचो. चहा केव्हाच जिरला, किस्से मात्र अंगाला चिकटून राहिले. आजही चार जुने मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो बापूंच्या गाडीचा सांग." आणि मला विचारावं लागतं, "कुठला?"

बापू म्हणजे नागावचे वाडीवाले. नारळी-पोफळी, दोन विहिरी, आणि युद्धाच्या आधीची एक उघडी अमेरिकन गाडी. स्वराज्य आल्यावर कुणी एक गोरा साहेब मायदेशी जाताना ती विकून गेला. साहेब बहुतेक हसत गेला असावा.

दाऊदभाई पूर्वी बोटीवर इंजिनखात्यात होते. त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक वस्तू थोडीफार बोटच वाटायची. गाडी पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "बापू, ही गारी न्हाय. हिला पानी दाखवा, आपसूक तरंगंल!"

* * *

गाडी घरात नवी होती तेव्हाची गोष्ट. पेणला माईंच्या भाचीचं लग्न निघालं. माई म्हणजे बापूंच्या सौभाग्यवती. नऊवारी शालू, नथ, अबोलीचा गजरा, मांडीवर आहेराची पिशवी, अशा थाटात माई बापूंच्या शेजारी बसल्या. बापू वाटभर एकच पालुपद म्हणत होते, "बघच तू, कार्लेखिंड टॉपमध्ये चढवतो!"

टॉप म्हणजे सगळ्यात वरचा गिअर. सपाटीवर तो टाकायचा, चढ लागला की खालचा टाकायचा, हे बैलगाडीवाल्यालाही ठाऊक होतं. पण जी गाडी चढसुद्धा टॉपमध्ये काढते, तिच्या मालकाला कलेक्टरने आधी नमस्कार करावा अशी बापूंची समजूत!

निम्म्या खिंडीत गाडीला धाप लागली. शहाण्या माणसाने गिअर उतरवला असता. बापूंनी शब्द दिला होता! गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. बापू ब्रेकवर उभे राहून ओरडले, "अगं, ढकल की!"

माईंनी शालू खोचला आणि ढकलली. मांडवात पोचल्या तेव्हा नथ तेवढी जागेवर होती. विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, चालत आलात की काय?"

माई म्हणाल्या, "नाही हो, गाडीला चालवत आणलं!"

परतताना माईंनी एसटी धरली. चढताना पायरीवरून वळून म्हणाल्या, "तुमची ही ज्या दिवशी टॉपमध्ये खिंड चढेल, त्या दिवशी तुमच्या शेजारी बसेन. तोवर मला एसटी बरी."

* * *

माई शब्दाला पक्क्या. पुढे त्यांच्या लेकीलाही पेणचंच स्थळ मिळालं, त्यामुळे ये-जा वाढली. पुढे एसटीत माई, मागे धुरळा खात गाडीत एकटे बापू, अशी ही वरात पेणला निघायची. खिंडीत बापू दर खेपेला टॉपचा हट्ट करायचे, गाडी दर खेपेला थांबायची, आणि मग निमूटपणे खालच्या गिअरमध्ये चढायची. पोयनाडला एसटी थांबली की बापू गाठायचे. माई खिडकीतून लाडू पुढे करायच्या, "आलात?"

एकदा कंडक्टर न राहवून म्हणाला, "बापू, तुमी बी एसटीत बसा की! गाडी यील मागनं!"

आम्ही सगळे हसायचो. पण खरं सांगू? त्या गाडीत आम्ही कितीही जण असलो तरी मागे दाटीवाटीने बसायचो. पुढची, बापूंच्या शेजारची जागा रिकामी. मी एकदा तिथे टेकलो तर बापूंनी हाताला धरून उठवलं. "ती माईची जागा." बापूंना खिंड जिंकायची नव्हती हो, त्यांना शेजारी माई हवी होती. मला त्यांचं हसू यायचं आणि हेवाही वाटायचा.

* * *

दाऊदभाईंनी निदान केलं, इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, कमी आहे. उपाय म्हणजे हेड घासून पातळ करायचं. हेड हे इंजिनाचं वरचं झाकण. ते घासायला मुंबईला गेलं, सोबत बोअर मारायला, म्हणजे आतली नळकांडी तासून घ्यायला, बाकीचं इंजिनही गेलं.

नेमकी त्याच वेळी नारळचोरीच्या एका खटल्यात बापूंची साक्ष लागली. बापू गैरहजर! मॅजिस्ट्रेट नवे होते. त्यांनी विचारलं, "साक्षीदार कुठे आहे?"

आमचा शिपाई गणू गॅरेजातून निरोप घेऊन आला होता. अदबीने हात जोडून म्हणाला, "साहेब, बापूंचं हेड काढलंय. मुंबईला घासायला धाडलंय."

मॅजिस्ट्रेट हळूच म्हणाले, "आणि?"

"आनी आतनं बोअर बी मारनार हायत, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहून घ्या. साक्षीदाराचं डोकं परत आल्यावर पुढची तारीख!"

* * *

घासलेलं हेड बसलं, गाडी पूर्वीपेक्षा वर जाऊन थांबू लागली. मग बापूंनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना एरंडेल घालतात. झालं! बापू आमच्या नानावैद्यांकडे डबा घेऊन गेले.

नाना म्हणाले, "एवढं? कोठा कुणाचा जड आहे?"

"गाडीचा!"

गाडी खरंच सुरळीत चालू लागली, पण मागून एरंडेलाचा दाट धूर! त्या काळी रविवारी सकाळी घरोघरी पोरांना नाक दाबून एरंडेल पाजत. बापूंची गाडी शाळेवरून गेली, वास वर्गात शिरला, आणि पोरं बाकांखाली! दोघं खिडकीतून पसार.

हेडमास्तर तक्रार घेऊन आले असं आम्हाला वाटलं. ते म्हणाले, "बापू, उद्यापासून संध्याकाळी पाचला येत जा. पोरं मैदान सोडून घरी जात नाहीत."

* * *

एरंडेलाने खिंड अजून थोडी खाली आली, पण माथा काही येईना. मग लष्कराने मोडीत काढलेल्या डिस्पोजलच्या मालातून दाऊदभाईंनी इंजिनाला पेट्रोल पाजणारे दोन कार्बोरेटर पैदा केले. "बोटीला दोन बॉयलर असतात, मग गारीला दोन कार्बोरेटर का न्हाय?"

ताकद आली खरी, पण दोघांचं आपसात जमेना. पाय अॅक्सिलरेटरवर असेतो गाडी वाघीण, पाय काढला की ठार बंद! मग हँडल मारमारून तिघांचे खांदे निखळायचे. म्हणून एकदा चालू झाल्यावर बापू खाली उतरेनासे झाले. वाण्याच्या दुकानाला एक चक्कर मारून "साखर!" ओरडायचे आणि दुसऱ्या चकरेला पुडा झेलायचे.

नानांची आई गेली, तेव्हा बापू भेटायला गेले ते गाडीतूनच. दारात इंजिन गुरगुरतंय, आत बायका रडताहेत. बापू ओरडले, "फार वाईट झालं!" घर्रर्र! "त्रास नाही ना झाला?" घर्रर्र!

नाना बाहेर आले, हात जोडून म्हणाले, "आईला नाही झाला, बापू. आम्हाला होतोय!"

* * *

शेवटी दाऊदभाई म्हणाले, "आता विंजनात काय बी राह्यलं न्हाय. बोट बुडाया लागली की आमी माल समिंदरात टाकतो. गारी हलकी करा."

आधी बंपर निघाला. मग मडगार्ड निघाले, त्यांत दाऊदभाईंच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. टप निघाला, त्यावर माईंनी पापड वाळत घातले. मागची सीट निघाली, ती बापूंच्या पडवीत आली. आम्हा मित्रांची फुकटची सवारी मात्र संपली.

एका दुपारी माई त्या सीटवर बसून सुपारी कातरत होत्या. बापूंनी बघितलं आणि उडालेच, "बसलीस! माझ्या गाडीत बसलीस!"

माईंनी अडकित्ता थांबवला नाही. म्हणाल्या, "गाडी चालते. ही कुठे चालतेय?"

* * *

लेकीला मुलगा झाला. पेणला बारसं होतं. बापूंनी आदल्या दिवशी खिंड करून बघितली, माथा अगदी हाताशी आला आणि गाडी थांबली. तरी घरी येऊन माईंना म्हणाले, "उद्या एसटीने खिंडीच्या माथ्यावर उतर. तिथून माझ्या शेजारी बसून नातवाकडे जायचं."

माई म्हणाल्या, "उतरते. नाहीच चढली तर मागून दुसरी एसटी आहेच."

सकाळी गॅरेजात काय झालं ते दाऊदभाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. बापूंना घाम फुटला होता. सारखे म्हणत होते, "अजून हलकी कर! वाट्टेल ते काढ, पण आज चढव!" दाऊदभाईंनी पाना उचलला.

मी आणि नाना माईंबरोबर एसटीने माथ्यावर उतरलो होतो. माई तोच शालू नेसल्या होत्या, भाचीच्या लग्नातला. हातात बाळंतविड्याची पिशवी. तोंडाने म्हणत होत्या, "कसली चढतेय!" पण नजर खालच्या वळणावरून हलत नव्हती.

आधी वास आला. मग आवाज आला. मग वळणावरून एरंडेलाच्या धुराचा लोट, आणि त्याच्यापुढे नुसता सांगाडा उरलेली ती गाडी! चढली! धापा टाकत, खोकत, पण टॉपमध्ये चढली! नानांनी टोपी उडवली, ती खाली दरीत गेली. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. बापूंनी माईंच्या पुढ्यात गाडी आणून उभी केली. एक पाय क्लचवर, दुसऱ्याने इंजिन गुरगुरतं ठेवलेलं, आणि तोंडभर हसू.

"चल, बस!"

माईंनी पदर सावरला. उजवा पाय आत टाकायला उचलला आणि तसाच खाली ठेवला. वाकून बघितलं.

"अहो, बसू कुठे?"

बापूंच्या शेजारी नुसती फळी होती आणि बोल्टांची भोकं. इतकी वर्षं राखलेली ती जागा सकाळी गॅरेजात निघाली होती!

बापू त्या फळीकडे बघतच राहिले. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी हँडब्रेक ओढला आणि स्वतःच्या जागेवरून उठले. पाय निघाला तशी गाडी ठार बंद झाली. खाली उतरून, पलीकडून वळसा घालून ते माईंजवळ आले, पिशवी घेतली आणि त्यांना आपल्या जागेकडे नेलं.

"इथे बस."

माई बसल्या. बाळंतविड्याची पिशवी मांडीवर घेतली, नथ सारखी केली, दोन्ही हातांनी चाक धरलं. समोर पोयनाडकडे उतरत गेलेल्या रस्त्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग मान वळवून बापूंना म्हणाल्या, "अहो, ढकला की!"