टेबलाखालचा श्वेतबटू

सत्तरच्या दशकातली गोष्ट, पण लिहिताना आजही तेवढाच राग येतोय. मी नववीत होते. वाशिमला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि शिरपूरहून सकाळच्या एसटीत, मांडीवर मॉडेल धरून, मी आणि बाबा गेलो होतो.

सूर्यासारखा तारा संपत आला की आक्रसून जेमतेम पृथ्वीएवढा उरतो, त्याला श्वेतबटू म्हणतात, हे मी एका मासिकात वाचलं होतं. मग डोक्यात आलं... एवढ्याशा ताऱ्यापुढून एखादा ग्रह गेला तर अख्खा तारा झाकला जाईल! तारा दिसेनासा झाला की समजायचं, ग्रह सापडला. पुठ्ठ्याला भोक, मागे टॉर्च, पुढे तारेवर फिरणारी गोटी... एवढंच मॉडेल.

परीक्षक आले. आधी कार्डावरचं आमचं आडनाव वाचलं. "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

म्हटलं, पुस्तकात नाही सर, मी विचार केला.

"तुमच्या लोकांनी आधी पाठ्यपुस्तक वाचावं. विचार नंतर." हसत हसत मॉडेल उचललं आणि टेबलाखाली सरकवलं. त्या जागी दुसऱ्या शाळेचा ज्वालामुखी ठेवला.

चूक काढली असती तरी चाललं असतं हो... बघितलंसुद्धा नाही!

बाबा तहसील कचेरीत शिपाई. साहेब दिसला की उठून उभे राहणारे. त्या दिवशी ते वाकले, मॉडेल काढून पुन्हा टेबलावर ठेवलं. परीक्षकांनी विचारलं, कोण तुम्ही?

"तिचा बाप," एवढंच बोलले. मग माझ्याकडे वळले. "मले सांग बाई. मी आयकतो."

रडक्या आवाजात सुरुवात केली. गोटी फिरवली, उजेड गेला.

"म्हंजे तारा इझला नाही... कोनी आडवं आलं?" बाबांनी विचारलं. चौथी शिकलेल्या माणसाला कळलं ते!

शेजारच्या उर्दू शाळेच्या मुली पुढे आल्या. "फिरसे दिखाव ना." मी पाच-सहा वेळा दाखवलं, दर वेळी आवाज चढत गेला. परीक्षक निघून गेले. बक्षीस ज्वालामुखीला.

आता मोठमोठ्या दुर्बिणींनी श्वेतबटूंभोवती ग्रह शोधतात, आणि असंच, उजेड कधी कमी होतो ते बघत. माझ्याआधीही कुणाला हे सुचलं असेलच, मी काही शोध लावला नव्हता.

पण मी पुढे विज्ञान शिकवलं, ते बाबांमुळे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत... आणि त्या परीक्षकांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.