दाराबाहेरचे साडू

आमच्या साडूंइतका खोलीबाहेर उभा राहिलेला माणूस साऱ्या ग्लासगोत दुसरा सापडणार नाही. बाकीची माणसं बैठकीत काय बोलली म्हणून लक्षात राहतात, हे बैठकीतून केव्हा उठले म्हणून लक्षात राहिले. आमच्या घरी, त्यांच्या स्वतःच्या घरी, मराठी मंडळाच्या हॉलवर, बारशाला, डोहाळजेवणाला, कुठेही बोलवा. पानं मांडेपर्यंत माणूस जागेवर असायचा आणि गप्पा रंगल्या की दाराबाहेर. त्यांच्या साठीच्या समारंभात तर पहिला वक्ता उभा राहताच हे उठले. "आज विषय मीच आहे, तेव्हा मी इथे बसणं बरं दिसत नाही," असं म्हणाले आणि शाल सावरत कार पार्ककडे चालू लागले. सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही त्यांचे गोडवे गायले आणि जेवायला मात्र हाक मारून आत आणलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. हे नातं मुळात जरा खारच खाणारं. एकाच सासुरवाडीचे दोन जावई शेजारी बसले की श्रीखंड कुणाच्या वाटीत जास्त पडलं हे दोघंही तिरप्या डोळ्यांनी बघत असतात. पण आमच्या साडूंशी चुरस करण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंनी मला कमी वाढलं असं मी कुरकुरलो तर ते गंभीरपणे म्हणायचे, "साडूभाऊ, वाटी लहान होती हे दिसतंय. सासूबाईंचा हेतू काय होता, याबद्दल आपल्याजवळ पुरावा नाही." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुरावा हा त्यांचा आवडता शब्द. दूध उतू गेलं आणि ताई ओरडल्या, "गॅस कुणी चालू ठेवला?" की हे पेपरमागून म्हणणार, "गॅस चालू होता इतकंच दिसतंय." टीव्हीवर फलंदाज पायचीत झाला की सगळा दिवाणखाना अंपायरच्या बाजूनं ओरडायचा आणि हे एकटे म्हणायचे, "त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं का?" उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला दोषी ठरवलेलं मी पाहिलं नाही. आमच्या घरी कुठल्या तरी सुनेविषयी किंवा कुणाच्या मोडलेल्या लग्नाविषयी बोलणं निघालं, की "माझ्या ओळखीचे आहेत, मी जरा बाहेर थांबतो" म्हणून हे जिन्यात जाऊन उभे राहत. समोरच्या फ्लॅटमधल्या स्कॉटिश आजीबाईंची ठाम समजूत झाली होती की आम्ही या सभ्य गृहस्थाला हाकलून देतो. "आज पुन्हा बाहेर काढलं का रे बाळा?" असं विचारत त्या त्यांना चहा आणून द्यायच्या, आणि मला लिफ्टमध्ये भेटल्या की तोंड फिरवायच्या.

हा सगळा प्रकार त्यांच्या अंगात शिरला तो एका बोर्डामुळे. साडू पेशानं भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवून साठीच्या आतच निवृत्त झाले आणि स्वतःची झोप उडाली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. तेव्हा एका जाहिरातीवर त्यांची नजर पडली. या देशात एक मोठी चांगली सोय आहे. कोर्टानं शिक्षा दिली, अपीलही फेटाळलं, सगळी दारं बंद झाली, तरी तुरुंगातला माणूस एका संस्थेकडे अर्ज करू शकतो की माझ्यावर अन्याय झालाय, पुन्हा बघा. तिथले वकील महिनोन्‌महिने कागद उकरतात, साक्षीदारांना भेटतात, आणि मग प्रकरण बोर्डापुढे येतं. इथे खरंच पाणी मुरतंय असं बोर्डाला वाटलं, तरच ते पुन्हा वरच्या कोर्टात जातं. या बोर्डावर वकिलांबरोबर काही बिनवकिली माणसंही असतात. आमचे साडू त्यांतले एक झाले.

मी विचारलं, "तुम्हाला हे कुठून सुचलं?" तर म्हणाले, "एकदा ऑपरेशन टेबलावर पेशंट तयार होता. सर्जन, नर्सेस, सगळ्यांची खात्री होती की उजवा पाय. मी आपलं सहज पेशंटलाच पुन्हा विचारलं. तर डावा. तेव्हापासून खोलीतल्या सगळ्या शहाण्या माणसांची एकदम खात्री पटली की मला भीती वाटते."

त्या बोर्डाची रीत अशी, की प्रत्येक प्रकरणाच्या आधी विचारायचं, यातलं कुणी कुणाच्या ओळखीचं आहे का? असेल त्यानं उठून बाहेर जायचं. ही रीत साडूंना इतकी आवडली, की त्यांनी ती घरी आणली, आणि तिच्यापायी ताईंचा जीव मेटाकुटीला आला. निवड झाली म्हणून मंडळानं शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला, तर नारळ हातात घेऊन ते व्यासपीठावरच विचारू लागले, "हा ऑफिसात कळवावा लागेल का?" हॉल हसला. ते हसले नव्हते.

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढचं तसं नाही.

आमच्या मंडळात विलास नावाचा एक आचारी होता. गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये नोकरी करायचा आणि गणपतीत दरवर्षी आमचा महाप्रसाद रांधायचा. त्या रेस्टॉरंटला एकदा आग लागली आणि वरच्या खोलीत झोपलेला एक कामगार गेला. विलासचं आदल्याच दिवशी मालकाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला मागच्या गल्लीतून पळताना पाहिलं, असं एका माणसानं सांगितलं. विलास तुरुंगात गेला. अपील हरला. त्याची बायको शैलावहिनी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये काम करत राहिली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्या संस्थेकडे अर्ज केला. मंडळाचे अध्यक्ष तिला म्हणाले, "अगं, आपले डॉक्टर बोर्डावर आहेत. डोन्ट वरी. घरचंच काम समज."

आता आपल्याकडे घरचं काम असलं की आपण काय करतो? शैलावहिनीनं तेच केलं. दिवाळीला सगळ्यांच्या घरी फराळ जातो, तसा तिनं साडूंच्या घरीही पाठवला. लग्नात मिळालेला स्टीलचा मोठा डबा, त्यावर तिचं आणि विलासचं नाव कोरलेलं, आणि आत चकल्या, करंज्या, अनारसे शिगोशीग. ताईंनी तो हसतमुखानं घेतला. साडू बाहेरून आले तेव्हा मी दुसरा अनारसा तोंडात टाकत होतो. त्यांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"साडूभाऊ, तुम्ही किती खाल्लेत?"

"दोन. का?"

"लक्षात ठेवा. सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी हा माणूस खरोखरच डबा घेऊन ऑफिसात गेला. तिथल्या अध्यक्षबाईंना करंजी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ज्याचा अर्ज आलाय त्याच्या घरून हे आलंय, मी या माणसाच्या हातचं जेवलेलो आहे, तेव्हा या प्रकरणात मी खोलीत बसणार नाही, असं सांगितलं. फराळ बेघर लोकांच्या निवाऱ्यात गेला. डबा परत आला, रिकामा. आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही हे ताईंना जन्मापासून ठाऊक. भरून पाठवावा तर साडू म्हणणार, अर्जदाराला वस्तू दिली. "मग करू काय मी याचं?" असं म्हणून ताईंनी तो धाडकन फ्रिजवर ठेवला. तो तिथेच राहिला.

त्या दिवसापासून शैलावहिनी हॉलमध्ये शिरली की साडू उठायचे. संक्रांत असो, गुढीपाडवा असो, हे आपले कार पार्कमध्ये रिसायकलिंगच्या डब्यांजवळ उभे. मंडळात कुजबुज झाली. मग कुजबुजीचं उघड बोलणं झालं. एवढा मोठा माणूस, पण वेळेला तोंड लपवतो. अध्यक्षांनी नमस्कार करणं सोडलं. ताईंचा भाऊबिजेचा चेहरासुद्धा उतरलेला असायचा. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्याच हॉलमध्ये विलासनं केलेल्या मसालेभातावर या माणसानं तीन तीनदा ताव मारलेला मी पाहिला होता.

एकदा शैलावहिनी त्यांच्या मागोमाग बाहेरच गेली. मी गाडीतून पातेली काढत होतो म्हणून मला दिसलं. नेहमीचा तिरपा पाऊस पडत होता. ती म्हणाली, "डॉक्टर, मी काही मागत नाही. एवढंच सांगा, कुणी वाचतं तरी का हो त्यांचे कागद?" साडूंनी आपली छत्री तिच्या डोक्यावर धरली, तिच्या हातात दिली, आणि स्वतः भिजत गेटबाहेर निघून गेले. ती छत्री धरून रडत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात ती छत्रीही कळवली म्हणे.

त्या आठवड्यात मी त्यांना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं?" म्हणाले. "आता ऐका. उद्या तो सुटला आणि कुणी विचारलं, की हा सुटला कसा? तर उत्तर असं हवं की नीट बघितलं, शंका खरी निघाली, म्हणून सुटला. बोर्डावर त्याचा गाववाला होता, असं एका माणसानं जरी म्हटलं, तरी तो जन्मभर अर्धाच सुटलेला राहील. त्याला पुरता सुटू दे. माझी सावलीसुद्धा नको तिथे." मग चष्मा काढून पुसू लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "तिला तेवढं सांगता आलं असतं तर बरं होतं," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

ज्या दिवशी विलासचं प्रकरण बोर्डापुढे आलं, त्या दिवशी साडू तिथल्या कॉरिडॉरमध्ये बसून होते. आत काय ठरलं ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. आम्हाला शैलावहिनीकडून कळलं आणि त्यांना आमच्याकडून, की प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. पाहणाऱ्या माणसानं आधी पोलिसांना काही वेगळंच सांगितलं होतं, आणि ते विलासच्या वकिलापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. पुढे बऱ्याच दिवसांनी कोर्टानं शिक्षा रद्द केली. साडूंनी ती बातमी पेपरात पुन्हा पुन्हा वाचली, पेपराची नीट घडी केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ताई सांगत होत्या की संध्याकाळी बाहेर आले ते डोळे लाल करून.

मंडळानं विलासचं स्वागत केलं तेव्हाही हे बाहेरच. "अजून माझी मुदत संपायची आहे," म्हणाले. मुदत संपली त्या दिवशी मात्र घरी येऊन त्यांनी कोट काढायच्या आधी फ्रिजवरचा डबा काढला. ताई म्हणाल्या, "तुम्ही अडकवलात, तुम्हीच भरा." जन्मात चहासुद्धा न केलेल्या माणसानं बेसनाचे लाडू वळले. ते पाहून ताईंना हसू आवरेना आणि मग रडू आवरेना.

मला त्यांनी सोबत नेलं होतं. दार विलासनंच उघडलं. केस पांढरे झाले होते, हात बारीक झाले होते. साडू उंबऱ्याबाहेर डबा पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "मी आता बोर्डावर नाही. आता आत आलो तर चालेल का?" विलासनं डबा घेतला, तिथेच उघडला, एक लाडू मोठ्या कष्टानं फोडला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कसा झालाय?" साडूंनी भीत भीत विचारलं.

"संशयाचा फायदा देतो," विलास म्हणाला, आणि त्यानं त्यांना हाताला धरून आत ओढलं. आतून शैलावहिनी छत्री घेऊन आली. इतकी वर्षं तिनंही ती परत केली नव्हती. म्हणाली, "मला कळत होतं हो भाऊजी. पहिल्यांदा नाही कळलं. छत्री दिलीत तेव्हा कळलं."

साडू गेल्या हिवाळ्यात गेले. भूलतज्ज्ञाला शोभेल असे, झोपेत, कुणाला त्रास न देता. मंडळानं शोकसभा ठेवली. हॉल गच्च भरला होता. नमस्कार सोडलेले अध्यक्ष हुंदके देत बोलले. मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो, समोर ती पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दिसली, जिच्यावरून ते नेहमी उठायचे. "मी त्यांचा साडू," एवढंच कसंबसं म्हणालो. "माझ्या फार जवळचे होते. मी जरा बाहेर थांबतो." आणि खरोखरच मी दाराकडे चालू लागलो.

बाहेर बारीक पाऊस होता. रिसायकलिंगच्या डब्यांजवळ, नेमक्या त्यांच्या जागेवर, विलास आधीच येऊन उभा होता. हातात ती छत्री होती, साडूंनी ती शेवटपर्यंत परत घेतलीच नव्हती. मला पाहून तो थोडा बाजूला सरकला आणि त्यानं मला छत्रीत घेतलं. आतून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"आत चल," मी म्हणालो. "त्यांच्याबद्दल चांगलंच बोलताहेत."

"बोलू देत," विलास म्हणाला. "ते माझ्यासाठी इथे उभे राहिले होते." आणि त्यानं मान खाली घातली.

मग आम्ही दोघं सभा संपेपर्यंत तिथेच उभे राहिलो.