चावडीपुढची शंभर पावलं

पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. मी सायकलवर होतो. एक पाय पायंडलवर होता, दुसरा जमिनीला टेकत होतो, तेवढ्यात बसली. सायकल माझ्यासकट आडवी झाली. कॅरिअरला लावलेला लखोटा धुळीत पडला. त्यात विमान कंपनीचा फॉर्म होता.

"उतराय काय झालं हुतं रं? सायकल तुझ्या बापाची हाय, रस्ता न्हाई."

मारणारा पाटलाचा पुतण्या. सातारच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. तिथं तो माझ्या शेजारी बसायचा, फिजिक्सची माझी वही उतरवून घ्यायचा, मला नावानं हाक मारायचा. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो की त्याला माझं नाव आठवायचं नाही.

आमचं गाव फलटण आणि दहिवडीच्या मधलं. अर्धं रान कॅनॉलच्या पाण्याचं, अर्धं कुसळांचं. ऊस त्यांचा, कुसळं आमची. गावात एक रीत होती. महारवाड्यातल्या माणसानं वेशीपाशी सायकलवरून उतरायचं. चावडीपुढून सायकल हातात धरून न्यायची. मारुतीचं देऊळ मागं पडलं की परत चढायचं. शंभर पावलं भरायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

माझे आप्पा लष्करात ड्रायव्हर होते. पार सरहद्दीच्या डोंगरात त्यांनी ट्रक चालवला. तिथल्या विमानतळावर रसदीची पोती विमानात चढवली. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. पेन्शनीत निघून गावी आले त्या दिवशी अंगावर वर्दी होती, छातीवर बिल्ले होते. वेशीपाशी उतरले. मी मागं कॅरिअरवर बसलो होतो. मीही उतरलो. सात वर्षांचा होतो. का उतरायचं ते विचारलंसुद्धा नाही.

आणि एक खरं सांगून टाकतो. त्या दिवशी मी मुद्दाम सायकलवर बसून चावडीपुढं आलो नव्हतो. मी विसरलो होतो. दोन वर्षं सातारच्या बोर्डिंगात राहून अंगातली सवय मोडली होती. डोक्यात फॉर्म होता, म्हणून वेस कधी गेली ते कळलं नाही. मी तेव्हा शूर नव्हतो. हे कबूल करायची मला आजही लाज वाटते.

फॉर्म कॉलेजच्या लायब्ररीतून आला होता. इंग्रजी पेपरात जाहिरात होती. विमान कंपनीला शिकाऊ वैमानिक हवे होते. इंटर सायन्सला फिजिक्स आणि गणित पाहिजे. नजर चांगली पाहिजे, कान चांगले पाहिजेत. फिजिक्सच्या सरांनी मला बोलावून ती जाहिरात वाचायला दिली. मी ती चार वेळा वाचली. माझ्यात काहीच कमी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा असा कागद हातात आला होता की ज्यात माझ्यात काही कमी नव्हतं.

फॉर्मबरोबर दोन दाखले जोडायचे होते. चांगल्या वर्तणुकीचा एक कॉलेजचा, एक राहत्या गावच्या पोलीस पाटलाचा. आणि कान-डोळ्यांच्या तपासणीचा डॉक्टरचा कागद. कॉलेजचा मिळाला होता. पाटलाचा घ्यायला मी चावडीवर आलो होतो.

पाटील चावडीच्या पायरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. भोवती सात-आठजण. पाटील म्हणाले, "काय हाय त्यात? वाच की."

पुतण्यानं लखोटा फोडला. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. "शिकाऊ वैमानिक." लोक हसले. पुढं एक रकाना होता, आजवर कोणती वाहनं चालवलीत. तिथं मी लिहिलं होतं, सायकल. पुतण्यानं ते तीनदा वाचलं. तीनदा लोक हसले.

पाटील हसले नाहीत. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि विचारलं, "इमान गावावरनं बी जाईल व्हय?"

"जाऊ शकतं."

"मंजी आमच्या डोक्यावरनं."

त्यांनी अडकित्ता मिटला.

"सावली पडती का रं त्येची खाली?"

मी शिकलेलं उत्तर दिलं. "पडते. विमान लय उंच असलं की सावली दिसत नाही. खाली आलं की दिसते."

दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या त्याच कानावर. पुतण्याचा हात उजवा, माझा कान डावा. चौथ्या थपडीला कानात काहीतरी टचकन फुटलं. मग शिट्टी सुरू झाली. बारीक, सरळ, न थांबणारी. कुणीतरी पाठीत पराणी घातली. बैलाला टोचायची, टोकाला आर असलेली. सदरा फाटला, त्याखाली कातडं फाटलं. मी हात जोडले. होय, जोडले.

"लय वर जायचं हाय न्हवं?" पुतण्या म्हणाला. "चढ."

चावडीपुढं कडुनिंब होता. मी चढलो. पहिल्या फांदीवर थांबलो तर खालून ढेकूळ आलं. "अजून वर." दुसऱ्या फांदीवर गेलो. ढेकळं येत होती. काहींत खडे होते. भुवई फुटली.

"हात पसर. आवाज काढ इमानाचा."

मी हात पसरले. एक पाय फांदीवर, एक बेचक्यात. रक्त डोळ्यात जात होतं. आणि मी आवाज काढला. मी तो आवाज काढला. तोंडानं. घूंऽऽ. इंटरला फिजिक्समध्ये वर्गात पहिला आलेला मी. ही गोष्ट मी आईलासुद्धा कधी सांगितली नाही. मार मी विसरलो असतो. हा आवाज विसरत नाही.

"आता उड."

मी उडी टाकली. घोटा मुरगळला. लोक हसून हसून खाली बसले होते. पाटलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा राग गेला होता. त्यांची करमणूक झाली होती. त्यांनी दाखल्यासाठी कागद मागवला, मांडीवर ठेवला, पुतण्याला लिहायला लावलं. स्वतः सही केली, तारीख घातली, शिक्का मारला.

"घे. चांगला पोरगा हाईस. ऐकणारा हाईस. जा, हो पायलट."

कागदावर लिहिलं होतं. सदर इसमाची वर्तणूक चांगली असून तो नम्र व निर्व्यसनी आहे. त्याच्याविरुद्ध गावात कोणाचीही तक्रार नाही.

मी तो कागद घेतला. वाकून घेतला.

घरी आई ऊस तोडून आली होती. तिनं कोयता कोपऱ्यात टाकला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. मिठाच्या पाण्यानं पाठ धुतली. ती रडली नाही, फक्त शिव्या देत राहिली, एकेका पाटलाचं नाव घेऊन. आप्पा दारात उभे. त्यांना वाटेत सगळं कळलं होतं. मला वाटलं, ते आता मिलिटरीतला माणूस म्हणून पेटून उठतील. ते म्हणाले, "उतरला असतास तर काय झिजलं असतं रं तुजं?"

मला त्या क्षणी पाटलापेक्षा आप्पांचा जास्त राग आला. मी कोपऱ्यातला कोयता घेतला. आप्पांनी मनगट धरलं. त्यांच्या हातात अजून ट्रकच्या चाकाचा जोर होता. कोयता खाली पडला. ते एवढंच म्हणाले, "एक मारशील. मागं सगळा वाडा जळंल."

चार दिवसांनी मी सांगलीला गेलो. फॉर्मची मुदत संपत आली होती आणि कानाचा मोठा डॉक्टर तिथं होता. कानातून पाणी आणि रक्त येत होतं. एसटीत बाहेरच्या गलक्यापेक्षा आतली शिट्टी मोठी होती. तरी मनात वेडी आशा होती. औषध घातलं की भरून येईल. डॉक्टर सही करेल.

डॉक्टरनं आधी फॉर्म वाचला. नाव, गाव, जात. मग कपाळावरचा आरसा खाली ओढला, कानात नळी घातली.

"पडदा फाटलाय. लहानपणापासून वाहतो ना?"

"नाही. चार दिवस झाले. मारलं."

"तुमच्या लोकांत वाहतातच कान. डबक्यात पोहायचं, काड्या घालायच्या. विमान वर गेलं की हवेचा दाब बदलतो, माहीत आहे का? हा कान चालणार नाही. दुसरं काहीतरी बघ. शिपायाची नोकरी वगैरे."

तो लिहू लागला. इंग्रजीत. जुना आजार. अस्वच्छ राहणी. मला इंग्रजी वाचता येतं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पाटलानं मला खोटा दाखला दिला होता, चांगला. हा दुसरा खोटा दाखला देत होता, वाईट. आणि दोन्ही मी हात जोडून घ्यायचे.

मी त्याच्या कागदावर हात ठेवला. पंजा पसरून. शाई तळव्याला लागली.

"हे खोडा."

"काय?"

"जुना आजार नाही. मारानं फाटलाय. ताजा आहे. तुम्हाला आत रक्त दिसलंय. दिसलं ते लिहा."

"हे बघ, मला पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही. हात काढ."

"नाही काढणार."

त्यानं माझा हात ढकलला. मी परत ठेवला. माझा आवाज वाढला होता, बहुतेक फारच. मला एका कानानं कळत नव्हतं. बाहेर बाकावर बसलेले लोक दारात आले. गांधी टोपीतला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "लिवा की आवं डाक्टर, दिसलं ते लिवायला काय जातंय." डॉक्टरनं सगळ्यांकडं पाहिलं. मग नवा कागद घेतला. डाव्या कानाचा पडदा फाटलेला, ताजी जखम, हाताच्या माराने, चार दिवसांपूर्वी. आणि खाली, वैमानिकाच्या प्रशिक्षणास अपात्र.

रस्त्यावर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. माझं विमान तिथंच संपलं होतं. सही-शिक्क्यानिशी. तेव्हा मी रडलो. पोट धरून रडलो. आणि रडताना हातातले दोन्ही कागद शेजारी शेजारी आले. मी तारीख पाहिली. डॉक्टरच्या कागदावरून मार ज्या दिवशी पडला, त्याच दिवसाची तारीख पाटलानं स्वतःच्या हातानं घातली होती.

मी फॉर्म तरीही पाठवला. दोन्ही कागदांच्या नकला जोडून. मी कशानं अपात्र झालो हे त्यांच्या दप्तरात तरी जायला हवं होतं. दोन्ही अस्सल कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो.

फौजदार तक्रार घेत नव्हता. मी तीन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसलो. चौथ्या दिवशी घेतली. कोर्टात पुतण्यानं सांगितलं, हा दारू पिऊन चावडीवर आला, वडीलधाऱ्यांना शिव्या दिल्या, म्हणून झटापट झाली. तिथले सात-आठजण, सगळे तेच बोलले. मी पाटलाचा दाखला पुढं केला. न्यायाधीशांनी मोठ्यानं वाचला. नम्र. निर्व्यसनी. कोणाचीही तक्रार नाही. त्याच दिवसाची तारीख. पुतण्याचंच अक्षर. पाटलाला विचारलं, सही तुमचीच का? आमच्यासारख्याला दिलेला दाखला कधी कुणी वाचून दाखवेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पुतण्याला शिक्षा झाली. कोर्ट उठेपर्यंत. म्हणजे संध्याकाळपर्यंत तो कोर्टातल्या बाकावर बसला. माझ्या कानाची किंमत तेवढी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दहा-बाराजण आमच्या वस्तीत आले. आप्पांना पाडून लाथा घातल्या. दोन बरगड्या गेल्या. आईचे केस धरून फरफटत नेलं. मी मधे पडलो, माझे पुढचे दात गेले. सायकल दगडांनी ठेचली. चाकं चपटी केली. जाताना म्हणाले, "आता हातात धरून ने."

गिरणी आमच्यासाठी बंद झाली. रानातलं काम बंद झालं. आई कोसभर चालून दुसऱ्या गावच्या फडात ऊस तोडायला जाऊ लागली. विमान कंपनीचं पत्र आलं. छापील, एका ओळीचं. वैद्यकीय कारणास्तव अपात्र.

आप्पांच्या बरगड्या अजून बांधलेल्या होत्या. ते अंगणात सायकल उलटी करून बसायचे. चाकाचा एकेक आरा सरळ करायचे. वाकता येत नव्हतं, तरी वाकायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. बावीस दिवस लागले. तेविसाव्या दिवशी सायकल माझ्यापुढं उभी केली. दोन्ही ब्रेक काढलेले होते.

"आप्पा, ब्रेक?"

"न्हाईत. थांबायचंच न्हाई म्हनल्यावर कशाला पायजेल?"

मी आईचा कोयता कॅरिअरला बांधला. झाकला नाही. वेशीपाशी आलो. पायांना उतरायची जुनी सवय आठवली. मी नाही उतरलो. कडुनिंब आला. चावडी आली. पायरीवर पुतण्या उभा राहिला. त्याच्या मागं बाकीचे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कोयत्याकडं. मी त्याच्या डोळ्यांत बघत पायंडल मारत राहिलो. आला असता तर मी कोयता चालवला असता. फासावर गेलो असतो. हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन.

पुढं मी बीएस्सी झालो, मास्तर झालो, फिजिक्स शिकवू लागलो. बदली मागितली नाही. याच गावात राहतो. याच रस्त्यानं शाळेला जातो. जाताना चावडी डाव्या हाताला येते. तो कान मेला आहे. ते काय बोलतात ते ऐकू येत नाही.

परत येताना चावडी उजव्या हाताला येते. त्या कानाला सगळं ऐकू येतं. रानातून दुसरी वाट आहे, जवळची आहे. मी त्याच रस्त्यानं परत येतो. सायकलवर बसून.