दिगाची टीम आणि उसाचा ट्रक

किस्से सांगून संपत नाहीत, उलट वाढतात. आम्ही जुने फुटबॉलवाले रविवारी नगरच्या ग्राउंडबाहेर चहाला बसलो की कुणीतरी दिगाचं नाव काढतंच. सुरुवातीला हसतो. नंतर हसू येत नाही, पण सांगणं काही थांबत नाही.

*

दिगा आमचा सेंटर फॉरवर्ड. शेवगावकडचा, ऊसतोड कामगाराचा मुलगा. राज्याच्या टीमकडून खेळला, फायनलला विजयी गोल मारला. गावानं सत्कार ठेवला, पण गावाला खेळ माहीत एकच, कुस्ती! जो तो त्याला पैलवानच म्हणत होता. एका आजोबांनी दंड चाचपून विचारलं, "किती जनांना चितपट केलं रं?"

दिगा अदबीनं म्हणाला, "अकरा जनांना, आबा. एका टायमाला!"

*

गुडघ्याच्या ऑपरेशननं खेळणं थांबलं, पण खेळावर चांगली नोकरी लागली होती. ती सोडून गड्यानं गावात पोरींची टीम काढली. आम्ही त्याला वेड्यात काढलं. गल्लीतल्या पारूआजी तर मैदानावरच आल्या. "आत्तापासनं लाथा शिकवतूस, सासरी कसं व्हायचं रं?"

"सासरचे जपून ऱ्हातील, आजी!"

*

दिवाळी झाली की निम्मी टीम ट्रकमध्ये. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरीही जातात. परत येतात तोवर शाळा सुटलेली असते, एखादीचं लग्नही उरकलेलं असतं. दिगाची पहिली गोलकीपर आशा अशीच गेली. उसानं भरलेल्या ट्रॉलीवर तिला झोप लागली आणि ती खाली पडली. तिला आणायला दिगाच गेला होता. आल्यावर मला एवढंच म्हणाला, "हवेतला बॉल कधी सुटला न्हाई रे तिच्या हातनं."

मला अजून राग येतो. कुणावर काढायचा तेच कळत नाही.

*

पुढच्या हंगामात दिगानं पोरी आपल्या घरीच ठेवून घेतल्या. वहिनींनी भाकरी थापता थापता सुनावलं, "लग्नात एकच लेकरू बास म्हनला हुतात!"

"मग? लेकरू एकच हाय. बाकीची टीम हाय!"

वहिनी हसल्या नाहीत. परातीत आणखी पीठ मात्र घेतलं.

*

आणि सविताचा किस्सा. ही नवी गोलकीपर. जिल्ह्याची मॅच तोंडावर आली आणि तिचा बाप गोरख तिला न्यायला दारात उभा! तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या माणसाला मुकादम नेत नाही. सविताच्या आईची पाठ मोळ्या वाहून कामातून गेलेली.

"सर, पोरगी न्हाई आली तर मलाबी न्हेनार न्हाईत. मग खायाचं काय?" बोलताना गोरखला रडू फुटलं. त्याला दोष तरी कसा देणार?

दिगानं त्याला रात्रीपुरतं घरी ठेवून घेतलं.

सकाळी ट्रक आला. मी तिथेच होतो. सविता पिशवी घेऊन बापाजवळ उभी. दिगा घरातून कोयता घेऊन आला, तिची पिशवी परत वहिनींकडे दिली आणि गोरखच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मुकादमाला हसू आवरेना. "आवो सर, ह्या जोडीत बायको कोन?"

दिगानं ऑपरेशन झालेला गुडघा दोन्ही हातांनी उचलून ट्रकच्या फाळक्यावर टेकवला आणि वर चढला.

"मी. चला, लई लांब जायचंय!"